लाडीच्या चालीची खूण

रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करायला फार काही लागत नाही. दोन पोती पुरतात. एकात मोडकी सर्किटं, दुसऱ्यात हत्यारं. २००४ सालच्या दिवाळीच्या आधी आठवडाभर मी राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात बसून ही दोन पोती भरत होतो आणि एकेक वस्तू टाकताना एकेक शिवी हासडत होतो. शिव्या नक्की कुणाला होत्या, ते सांगता येणार नाही. त्या नव्या चपट्या रेडिओंना असतील. ते बिघडले की लोक फेकून देतात आणि दुसरे आणतात. दुरुस्त करायला दिले तरी त्यांना उघडायला स्क्रूच नसतात. ज्या वस्तूला स्क्रू नाही, तिच्यावर माझा विश्वास नाही.

माझं नाव कृष्णात कांबळे. माझे वडील मिलिटरीच्या सिग्नल तुकडीतून रिटायर होऊन आले आणि त्यांनी हे दुकान काढलं. येताना ते काट्याचा एक मीटर घेऊन आले होते. काळं जाड खोकं, काचेखाली पांढरी पट्टी आणि तिच्यावरून फिरणारा बारीक काटा. त्या मीटरवर मी हात बसवला, त्याच्यावरच संसार केला. तोही त्या दिवशी पोत्यात गेला. माझ्या बायकोच्या, रूपालीच्या भावानं मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लावायचं ठरवलं होतं. पॅकिंग खात्यात. खोकी बंद करून त्यांना चिकटपट्टी लावायची. त्या साली दिवाळीच्या पाडव्यापाठोपाठ दोन दिवसांत ईद होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सातच्या बसनं मला हजर व्हायचं होतं.

रूपालीचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग येत होता. बायको चुकली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

पोत्याचं तोंड बांधत होतो, तेवढ्यात दारात बाळासो उभा. हा शिवाजी पेठेतला गवळी. माझा शाळेतला दोस्त. पहिलवानासारखा देह आणि आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळावं बाळासो बोलतोय.

"कृष्णात, आधी गोठ्यावर चल. रेडिओ खरखर करतोय."

"दुकान बंद झालंय."

"म्हशीला सांग की ते. रेडिओबिगर पान्हा सोडीनात त्या. सकाळधरनं लाथा खाल्ल्यात मी."

ही थाप नव्हती. बाळासोच्या गोठ्यात धारा काढताना गेली वीस वर्षं रेडिओ चालू असतो. मी पोतं परत सोडलं, मीटर आणि दोन हत्यारं काढली आणि त्याच्या मागं निघालो. शेवटचं काम म्हशींचं, म्हटलं, हेही बरंच झालं.

गोठ्यात पोचलो तर वाशाला टांगलेला रेडिओ खरखरत होता. बटण फिरवलं. खालच्या आवाजात स्वच्छ, वरच्या आवाजात स्वच्छ, मध्येच एका जागी मात्र आवाज तुटायचा. हे दुखणं मी डोळे मिटून ओळखतो. आवाजाच्या बटणाच्या आत घोड्याच्या नालेसारखी कार्बनची काळी पट्टी असते. तिच्यावरून पितळेचं एक बोट फिरतं. माणूस रोज एकाच आवाजावर रेडिओ ठेवतो, बोट रोज त्याच जागी घासतं आणि नेमका तेवढाच कार्बन झिजतो. बाकी पट्टी नवी नवरी.

"रोज एवढाच आवाज ठेवतोस न्हवं?" मी बोट ठेवून विचारलं.

"व्हय. तेवढाच लागतोय म्हशीला. तुला कसं कळलं?"

"झिजलेली जागा सांगती."

मी बटण उघडलं आणि त्या पितळेच्या बोटाला चिमट्यानं केसभर बाजूला वाकवलं. आता ते जुन्या वाटेशेजारच्या कोऱ्या कार्बनवरून चालणार. ही वडिलांची युक्ती. रेडिओ गायला लागला आणि म्हशींच्या कासा भरल्या. बाळासोनं पेला भरून धारोष्ण दूध माझ्या हातात दिलं आणि मग त्याचा चेहरा पडला.

"रेडिओ झाला. व्हॅनचं काय करू सांग?"

व्हॅनचं प्रकरण सगळ्या पेठेला माहीत होतं. दुधाचे कॅन घालायला बाळासोनं चार वर्षांपूर्वी पेट्रोलची नवी व्हॅन घेतली, इंजेक्शनवाली, कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो तसली. त्याच सुमारास त्याची एक म्हैस रेडकू टाकून मेली. ते रेडकू म्हणजे लाडी. बाळासोनं तिला बाटलीनं वाढवलं, आणि बाटली कायम निघायची ती व्हॅनच्या मागच्या दारातून. लाडीच्या लेखी तिची आई म्हणजे ती व्हॅनच. व्हॅन सुटली की लाडी मागं सुटायची.

आता पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवून, मोरपिसं आणि गोंडे बांधून म्हशी रस्त्यावर येतात. मालक पुढं मोटारसायकल काढतो, सायलेन्सर उतरवून, कानाचे पडदे फाटेपर्यंत. म्हशीला दोरी नाही, काठी नाही, हाकायला माणूस नाही. मालकाच्या गाडीमागं ती आपणहून पळायला हवी. मध्ये थांबली की बाद. न थांबता कमी वेळात पोचेल ती पहिली. सगळ्यांच्या म्हशी मोटारसायकलमागं पळतात, लाडी एकटी व्हॅनमागं. बाळासो चार वर्षं रोज सकाळी पंचगंगेच्या घाटापर्यंत तिला पळवत होता, फक्त या एका पाडव्यासाठी. आणि आता दोन महिने झाले, व्हॅनला उचकी लागली होती. नेमकी लाडीच्या चालीला गाडी आली की आचका द्यायची, दम सोडायची आणि मग एकदम पुढं उसळायची. दसऱ्याला सगळ्या पेठेदेखत सराव होता. गाडीनं तीन आचके दिले, लाडी थांबली, वळली आणि एकटीच घरी चालती झाली. लोक पोट धरून हसले. बाळासो त्या दिवसापासून मिसळ खायलाही चौकात येत नव्हता.

"चालू कर बघू," मी म्हटलं.

त्यानं व्हॅन गल्लीत काढली. मी गोठ्याच्या दारात पेला घेऊन उभा. गाडी हळू निघाली, जरा वेग आला आणि आचका. परत मागं आला, परत निघाला. त्याच जागी आचका. तिसऱ्यांदा तसंच. खालच्या वेगाला स्वच्छ, वरच्या वेगाला स्वच्छ. मध्येच एका जागी तुटत होतं.

हातातलं दूध हिंदकळलं.

"बाळासो, थांब! गाडीत रेडिओचं बटण हाय!"

"टेप काढून ठेवलाय की मी."

"टेप न्हवं मर्दा, इंजिनात!"

त्याला वाटलं माझं दुकान बंद झाल्यानं डोकं फिरलं. तरी तो मला घेऊन उद्यमनगरला, सिकंदरभाईंच्या गॅरेजला आला. सिकंदरभाई म्हणजे तीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस. जुन्या गाडीचा बोनेट न उघडता नुसत्या आवाजावर रोग सांगायचे. या व्हॅनपायी मात्र ते टेकीला आले होते. प्लग बदलून झाले, वायरी बदलल्या, पेट्रोलचा पंप काढून धुतला. दोनदा शोरूमला पाठवून कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणाला, गाडीत दोष नाही. त्यात रमजान चालू होता, दुपारची वेळ, भाईंच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अशा माणसापुढं मी जाऊन उभा राहिलो.

"सिकंदरभाई, एक्सलेटर दाबला की आत कायतरी फिरतंय का? रेडिओच्या बटणागत?"

"तू रेडिओवाला न्हवं का? मग रेडिओ बघ की. हितं कशाला?"

"फिरतंय का न्हाय, तेवढं सांगा."

भाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की दुसरा असता तर रस्त्याला लागला असता. पण मीही काही कमी तापट नाही. मी हललो नाही. शेवटी त्यांनी बोनेट उघडला आणि एक काळी डबी दाखवली. एक्सलेटर दाबला की हवेची झडप उघडते, आणि झडपेच्या टोकाला ही डबी. झडप किती उघडली ते ही डबी कॉम्प्युटरला सांगते आणि कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो.

"सेन्सर म्हणत्यात ह्याला. बंद असतोय. उघडत न्हाईत. आणि त्यो चांगला हाय, मी मीटर लावून आकडं बघितल्यात."

मी डबीकडं पाहिलं. तिच्यातून तीन वायरी बाहेर आल्या होत्या. आवाजाच्या बटणालाही तीनच असतात. मला इतका आनंद झाला की हसूच फुटलं. परदेशात जन्मलेल्या सोयऱ्याच्या तोंडावर आपल्या आजीचं नाक दिसावं तसं झालं.

"आकड्याचा मीटर थांबून थांबून बघतोय भाई. मधी काय झालं ते त्याला कळत न्हाय. काटा डोळं मिटत न्हाय. जरा बघूया."

मीटर बोनेटवर ठेवला. एक टोक मधल्या वायरीला, दुसरं बॉडीला. चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं. भाईंना म्हटलं, झडप हातानं हळूहळू उघडा. अगदी मुंगीच्या पावलानं. त्यांनी नाइलाजानं हात घातला. काटा हलला. वर चढायला लागला, संथ, गुळगुळीत. आणि एका जागी धपकन शून्यावर पडला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत परत वर.

भाईंनी झडप सोडली, परत उघडली. त्याच जागी काटा पडला. तिसऱ्यांदा पडला. भाईंनी कपाळावरचा घाम दंडाला पुसला.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "दोन महिने मी प्लग बदलत बसलोय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मी ते तोंडानं म्हटलं नाही. मी बाळासोला म्हटलं, "आत बस. लाडी मागं असली की जेवढा दाबतोस तेवढाच एक्सलेटर दाब, आणि तसाच धर."

बाळासो बसला. पाय ठेवला. चार वर्षांच्या सवयीचा पाय, त्याला मोजावं लागलं नाही. काटा चढला आणि नेमका त्या तुटक्या जागी येऊन थडथडायला लागला.

तेव्हा सगळं लख्ख झालं. बाकीचे लोक गाडी कधी हळू चालवतात, कधी जोरात, त्यामुळं पट्टी सगळीकडं सारखी झिजते. बाळासो चार वर्षं रोज सकाळी म्हशीच्या चालीनं गाडी चालवत होता. एकच दाब, एकच जागा. जो सराव जिंकायला केला, त्यानंच गाडी बिघडवली होती. असा बिघाड सगळ्या जगात फक्त कोल्हापुरातच व्हायचा.

"ही खूण लाडीची हाय बाळासो," मी म्हटलं. "तिच्या चालीची."

भाईंनी लगेच पुण्याला फोन लावला. नवा सेन्सर कधी मिळेल? दिवाळी आणि ईद उरकल्यावर, आठ-दहा दिवसांत. पाडव्याला पाच दिवस राहिले होते. बाळासो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. एवढा आडदांड माणूस, पण मला त्याच्याकडं बघवेना.

"मी उघडतो डबी," मी म्हटलं. "आतलं बोट जरा वाकवतो. रेडिओला करतोय तसंच."

भाई उखडले. "कंपनीची वस्तू हाय ती! आत कानाच्या पाळीएवढं काम असतंय. तुटलं तर गाडी चालायचीच न्हाय. ह्यो दूध कशात घालणार? डोक्यावर?"

"आणि झाली तर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मंगळवारचं कागल त्यांना माहीत होतं. राजारामपुरी आणि उद्यमनगर यांच्यामध्ये बातमीला पाय फुटतात.

"ऐक. ही गाडी पाडव्याला एक झटका न देता पोचली, तर तुझी खुर्ची माझ्या गॅरेजात. इथनं पुढं येणाऱ्या सगळ्या गाड्या असल्याच डब्यांच्या हायत, मला माणूस लागणारच हाय. खुर्ची मी सवता आणून देईन. पण चार माणसांत गाडीनं मान टाकली, तर गप कागलला जायचं आणि परत सवताला मेकॅनिक म्हणायचं न्हाय."

मी बाळासोकडं पाहिलं. गाडी त्याची होती. त्यानं एकदा आपल्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाला, "कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं, पोती बाजूला सारली आणि टेबल पुसलं. डबीच्या झाकणाच्या शिवणीवरून ब्लेड फिरवायला तासभर लागला. झाकण निघालं. आत तीच घोड्याची नाल, तेच बोट, फक्त माझ्या नखाएवढं. पट्टीवर एका जागी पांढरट खळगा. मी चिमटा धरला आणि माझा हात चुकला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पॅकिंगला जायचं ठरल्यापासून हातालाही कळलं होतं की काय, कोण जाणे.

पहिल्यांदा बोट जास्त वाकलं. मीटर लावला तर काटा जागचा हलेना. बोट पट्टीला टेकतच नव्हतं. वडील असते तर म्हणाले असते, वस्तूवर रागावू नये, वस्तूला वेळ द्यावा. मी चिमटा खाली ठेवला, बाहेर जाऊन चहा प्यालो, परत येऊन बसलो. दुसऱ्या खेपेला केसभरच उलटा दाब दिला. डबी हळूहळू फिरवली. काटा शून्यापासून निघाला आणि शेवटापर्यंत गेला, दह्यातून चमचा फिरावा तसा. कुठं अडला नाही. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं ओरडलो. शेजारच्या क्लासमधल्या पोरी खिडकीत आल्या.

झाकण दोन ट्यूबच्या गोंदानं बसवलं, वाळू दिलं आणि दोन दिवसांनी डबी घेऊन गॅरेजला गेलो. ईदसाठी गॅरेजच्या भिंतींना चुना लागत होता, सगळं सामान बाहेर मांडलं होतं. रस्त्यावरच डबी बसवली. भाई स्वतः चालवून आले आणि म्हणाले, "न्हाय. उचकी न्हाय." मग बाळासोनं चालवली. परत आला तो मान हलवत.

"हाय अजून. थोडी हाय, पण हाय."

भाईंनी परत चालवली, उचकी नाही. बाळासोनं चालवली, आहे. मीटर लावला तर काटा लोण्यासारखा. भाई माझ्याकडं बघत राहिले. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. रूपालीनं कागलला न्यायचा नवा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. मला तो दिसू नये म्हणून, हे मला समजलं.

पाडवा उजाडला. दुपारी चारला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावेना. गच्च्यांवर बायका, झाडांवर माणसं. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा असा आवाज की छातीत घुमावा. लाडीची शिंगं लाल-निळी रंगवली होती, कपाळावर गोंडा, शिंगांत मोरपिसं. एकेक म्हैस वेळ लावून सुटत होती, लाडीची पाळी सगळ्यांत शेवटी. तिला गर्दीचं काही पडलं नव्हतं. ती व्हॅनच्या मागच्या दाराला नाक लावून उभी होती.

मी हट्टानं व्हॅनच्या मागच्या बाजूला बसलो. दार सताड उघडं, मांडीवर मीटर, त्याच्या वायरी सीटखालून पुढं इंजिनापर्यंत नेलेल्या. पंचांनी हरकत घेतली नाही. गाडीत रेडिओवाला बसू नये असा नियम नव्हता. भाई पुढं, बाळासोच्या शेजारी. माझ्यासमोर दोन हातांवर लाडीचं प्रचंड काळं तोंड.

"आजपातूर एकही म्हैस व्हॅनमागं पळाल्याली न्हाय!" लाउडस्पीकरवाला ओरडला. "बघूया बाळासोची लाडी काय करती! दसऱ्याला घरी गेलती, आज कुठं जाती बघूया!"

गर्दी हसली. झेंडा पडला. व्हॅन सुटली आणि लाडी सुटली.

म्हैस पळताना समोरून कधी कुणी पाहिली नसेल. आठ-नऊ मणांचं धूड, पण पाय असे पडत होते की जणू रस्ताच तिला उचलून देत होता. घुंगरांचा आवाज, नाकपुड्यांतून फुत्कार, डोळे थेट माझ्यावर. मी एक डोळा तिच्यावर आणि एक काट्यावर ठेवला. काटा चढत गेला. झिजलेली जागा आली आणि मी श्वास धरला. काटा ती ओलांडून पुढं गेला, जसा काही तिथं खड्डा कधी नव्हताच.

आणि गाडी मंदावली.

लाडीची लय तुटली. तिनं मान वर केली. गर्दीतून "गेली, गेली!" असा आवाज आला. बाळासो पुढून ओरडला, "आली बघ! उचकी आली!" भाईंनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत कागलची बस उभी होती.

मी काट्याकडं पाहिलं. काटा खाली आला होता. पण धपकन पडला नव्हता. हळूहळू, संथपणे उतरला होता. तुटलेली पट्टी काटा आपटते. असा उतरवत नाही. असा उतरवतो फक्त पाय.

दोन महिने त्या जागी गाडी आचका द्यायची, आणि दोन महिन्यांत बाळासोचा पाय शिकला होता की तिथं आलं की आपणच आधी माघार घ्यायची. दुखणं गाडीतून कधीच गेलं होतं. ते त्याच्या पायात राहिलं होतं.

"बाळासो!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "गाडी न्हाय, तुझा पाय उचलतोय! गाडी बरी हाय! पाय ठेव!"

"न्हाय, उचकी..."

"काटा खोटं बोलत न्हाय! तू भितोयस मर्दा! पाय ठेव, जीव गेला तरी उचलू नको!"

भाईंनी एका क्षणात सगळं ओळखलं. त्यांनी वाकून बाळासोच्या गुडघ्यावर आपला पंजा ठेवला आणि दाबला. तीस वर्षं पाने फिरवलेला पंजा. काटा चढला. झिजलेल्या जागेवर आला आणि तिथं ठाम उभा राहिला. व्हॅन एका सुरात गुरगुरत सुटली. लाडीनं मान खाली घातली, कान मागं टाकले आणि ती अशी पळाली, अशी पळाली की तिच्या शिंगांतली मोरपिसं दारातून आत माझ्या तोंडावर यायला लागली. मी रडत होतो की हसत होतो मला माहीत नाही, पण मी ओरडत होतो, "ये लाडे! ये पोरी! ये!" रस्त्याच्या दोन्ही कडा शिट्ट्यांनी फाटल्या.

शेवटच्या चुन्याच्या रेघेवरून व्हॅन गेली आणि तिच्या पाठोपाठ लाडी. थांबली ती व्हॅनला नाक लावूनच.

लाउडस्पीकरवाला किंचाळला, "नादखुळा! लाडी पहिली! बाळासो, नाद न्हाय करायचा तुझा!"

बाळासो खाली उतरला आणि लाडीच्या गळ्यात पडून हमसून रडला. मग त्यानं मला व्हॅनमधून उचलून, मीटरसकट, खांद्यावर घेतलं. गुलालानं मीटरची काच लाल झाली. वरून पाहिलं तर एका गच्चीवर रूपाली उभी होती. पदर खोचलेला, दोन बोटं तोंडात. माझी बायको शिट्टी मारते हे मला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी आम्ही सगळ्यांनी सिकंदरभाईंच्या घरी शीरखुर्मा खाल्ला. भाई खुर्चीचं काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. शब्द दिलेल्या माणसाला विचारायचं नसतं.

मंगळवारी सकाळी पावणेसातला मी दारात उभा. रूपालीच्या हातात तो नवा डबा. एवढ्यात गल्लीच्या तोंडाला भाई दिसले. लोखंडी खुर्ची डोक्यावर पालथी घेऊन, मधोमध चालत. वाटेतले लोक बाजूला होत होते.

"वहिनी," खुर्ची उतरवून ते म्हणाले, "कागलला सांगा, माणूस मिळत न्हाय."

"कालच सांगितलंय भाई," रूपाली म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. "डबा उद्यमनगरला जाईल. भाकरी तीच हाय."

गॅरेजमध्ये पोचलो. भिंती पांढऱ्याशुभ्र. खिडकीशेजारी उजेडात भाईंनी एक टेबल लावलं होतं. मी खुर्ची ठेवली, मीटर पिशवीतून काढला आणि तो कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं. टेबलाच्या वर भिंतीत एक जाड खिळा होता, मीटर अडकवला तर खुर्चीवरून काटा दिसेल, नेमका त्या उंचीवर.

मी मीटर अडकवायला हात वर केला आणि थांबलो. खिळ्याचं डोकं पांढरं होतं. त्याच्यावर चुना बसलेला होता, भिंतीसारखाच, एका हातानं मारलेला. चुना लागला तेव्हा व्हॅन अजून सुटली नव्हती. डबी बसायचीही होती. म्हणजे हा खिळा त्याच्याही आधी, ज्या दिवशी बोनेटवर काटा पहिल्यांदा पडला, त्या दिवसाच्या सुमारासच ठोकलेला होता. गाडी पोचो न पोचो, भाईंनी माझी जागा तेव्हाच ठरवली होती.

मी वळून भाईंकडं पाहिलं. ते पाठमोरे उभे राहून उगाचच एक पाना पुसत होते.

"काय बघतोयस?" ते न वळता म्हणाले. "लाव की मीटर. गाडी आलीया बाहेर."